पायापर्यंत रक्त पोचतंय का?

वाचकांचे प्रश्न

मधुमेहींच्या पायांबद्दल प्रश्न पाठवा, असं गेल्या अंकात म्हटलं होतं. निपाणी, चिकोडी, खानापूर, बेळगाव शहर आणि आसपासच्या गावांतून पत्रं आली. बहुतेकांचा रोख एकच आहे: पायातलं रक्त वाढवायचं कसं? मधुमेही पाऊल आणि रक्तवाहिन्या यांवर उपचार करणाऱ्या आमच्या सल्लागारांनी उत्तरं दिली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले असून नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या मालकांना १४ वर्षं शुगर आहे. वय ५८. घरातून स्टँडकडे निघाले की निम्म्या वाटेत उजवी पोटरी आवळून येते. जरा थांबले की बरं वाटतं, पुन्हा तेवढंच चालले की पुन्हा तेच. दीर म्हणतात विश्रांती घ्यावी, शेजारचे म्हणतात मालिश करून घ्यावं. बिडी रोज एक कट्टा होते. काय करावं? (निपाणी)

उत्तर : ठरावीक अंतर चाललं की पोटरी धरते, उभं राहिलं की दोन-पाच मिनिटांत सुटते, पुन्हा तेवढ्याच अंतरावर धरते. इतकं नेमकं दुखणं असेल तर पायाच्या धमनीत अडथळा आहे असं समजूनच तपासणीला लागा. कमरेच्या मणक्यामुळेही चालताना पाय भरून येतात, पण तिथे नुसतं उभं राहून भागत नाही. बसावं किंवा पुढे वाकावं लागतं, तेव्हा आराम पडतो.

आधी पावलावरची नाडी पाहा. अंगठा वर ओढला की पावलाच्या पाठीवर एक दोरी ताणलेली दिसते. तिच्या करंगळीकडच्या बाजूला, पावलाच्या मध्यावर, तीन बोटं हलकी टेकवा. दुसरी जागा आतल्या घोट्याच्या मागे, घोटा आणि टाच यांच्या मध्ये. जोरात दाबलं तर नाडी मिटते आणि आपल्याच बोटातली धडधड लागते. घरच्या तपासणीत फसगत होते ती इथेच. पावलाच्या पाठीवरची नाडी काही धडधाकट माणसांतही जन्मतः लागत नाही. दोन्ही लागत नसतील तर मात्र घरी बोटं फिरवत बसू नका.

दवाखान्यात एबीआय ही तपासणी होते. सुई नाही, दुखणं नाही. दहा मिनिटं आडवं झोपवून दोन्ही दंडांवर आणि दोन्ही घोट्यांच्या वर पट्टा बांधतात आणि पेनासारख्या डॉपलरने वरचं प्रेशर मोजतात. घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागायचं. दंडावर १४० आणि घोट्यावर ८४ असेल तर ०.६. साधारण १ ते १.३ ठीक, ०.९ च्या खाली अडथळा, ०.५ च्या खाली गंभीर.

शुगरच्या रोग्यात याच आकड्याचा एक सापळा असतो. बरीच वर्षं मधुमेह असला, त्यातून किडनीही कमजोर असली, की धमनीच्या भिंतीत चुना साठून ती कडक होते. पट्ट्याने ती दबतच नाही आणि आकडा १.४ किंवा त्याच्याही वर जातो. आत रक्त कमी असतं आणि कागदावर सगळं झकास दिसतं. म्हणून रिपोर्ट जास्तीचा किंवा अगदी नॉर्मल आला आणि तक्रार तशीच असेल, तर पायाच्या अंगठ्याचं प्रेशर मोजून मागा. त्याला छोटा पट्टा लागतो. अंगठ्याच्या धमन्या सहसा इतक्या कडक होत नाहीत, त्यामुळे तो आकडा जास्त खरा. दंडाच्या ७० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर अडथळा आहे. अंगठ्याचं प्रेशरच ३० (टक्के नव्हे, पाऱ्याचे मिलिमीटर) च्या खाली असेल तर पाय धोक्यात आहे. पाय गार पडलेला असताना मोजलं तर आकडा खोटा कमी येतो, म्हणून थंडीच्या दिवसांत आधी पाय पांघरुणात ठेवतात.

आता उपाय. विश्रांती हा उपाय नाही. पावलावर जखम नसेल आणि छातीत दुखत नसेल (हृदयाची तपासणी एकदा करून घ्याच), तर चालणं हेच मुख्य औषध आहे. मात्र ते पद्धतशीर हवं. सपाट रस्ता, मोजे आणि बंद बूट. पहिली पाच मिनिटं हळू. मग असा वेग धरायचा की तीन ते पाच मिनिटांत पोटरी दुखू लागेल. दुखू लागल्याबरोबर थांबायचं नाही. चांगलं दुखेपर्यंत चालायचं, पण दात-ओठ खावे लागण्याच्या आधी थांबायचं. दुखणं पूर्ण गेलं की पुन्हा चालायचं. सुरुवातीला विश्रांती धरून ३० मिनिटं, मग हळूहळू ४५ ते ५० पर्यंत. आठवड्यातून निदान तीन दिवस, निदान १२ आठवडे. आठ-दहा मिनिटं न दुखता चालता येऊ लागलं की वेग वाढवायचा.

याने बंद धमनी उघडत नाही. मिळेल तेवढ्या रक्तातून प्राणवायू जास्त ओढायला स्नायू शिकतो आणि आजूबाजूच्या बारीक वाहिन्या रुंदावतात. चालणं सोडलं की मिळालेलं हळूहळू जातं. इन्सुलिन किंवा शुगर खाली आणणाऱ्या गोळ्या चालू असतील तर निघण्याआधी शुगर बघा; ९० च्या खाली असेल तर काहीतरी खाऊन निघा, आणि खिशात तीन चमचे साखर किंवा ग्लुकोजची पुडी असू द्या. घरी आल्यावर मोजे काढून पाऊल रोज पाहायचं. फोड दिसला तर चालणं त्याच दिवशी बंद.

बिडीबद्दल निपाणीच्या वाचकांना सांगणं जरा अवघड आहे, कारण तिथल्या कित्येक घरांची चूल तंबाखूवरच पेटली. पण एक कट्टा चालू ठेवून वरच्या सगळ्या गोष्टी करणं म्हणजे मेहनत वाया घालवणं. निकोटीनने बारीक वाहिन्या आकसतात आणि धुराने धमनीचं आतलं अस्तर खराब होतं. बिडी सिगारेटपेक्षा सौम्य असते हा समज खोटा. बायकांची मिश्री आणि पोरांचा गुटखा यांत धूर नाही, पण निकोटीन तेच. एकदम सुटत नसेल तर निकोटीनचं च्युइंगगम किंवा पट्टी डॉक्टरांना विचारून घ्या. बिडी ओढत राहण्यापेक्षा ती कधीही बरी.

प्रश्न : रात्री दोन्ही तळव्यांची आग होते, मुंग्या येतात. पाय पांघरुणाबाहेर काढून झोपतो. रक्त कमी पडतंय असं गावातले म्हणतात. (नंदगड)

उत्तर : दोन्ही पावलांची सारखीच आग, मुंग्या, कापसावर चालल्यासारखं वाटणं आणि पांघरुणाचा स्पर्शही नकोसा होणं हे बहुधा संवेदना वाहून नेणाऱ्या नसांचं दुखणं आहे. रक्त कमी पडल्याचं रात्रीचं दुखणं वेगळं असतं. ते बऱ्याचदा एकाच पायात, बोटांत आणि पावलाच्या पुढच्या भागात होतं. झोपलं की वाढतं आणि पाय खाटेखाली सोडले की कमी होतं. कोणी रात्र-रात्र खुर्चीत बसून काढत असेल तर ती धोक्याची घंटा आहे. त्या माणसाला आठवडाभरात रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांकडे न्या.

रंगावरही जाऊ नका. रक्त कमी असलेला पाय खाली सोडला की लालबुंद, जांभळट होतो आणि घरच्यांना वाटतं रक्त छान उतरलं. तोच पाय एखादं मिनिट वर उचलला की पांढराफटक पडतो. उलट नसा गेलेला पाय गरम लागतो, वरच्या शिरा फुगलेल्या दिसतात, आणि तरीही त्याच्या धमन्या तुंबलेल्या असू शकतात. दोन्ही आजार एकाच पायात असले की पोटरी दुखतच नाही, कारण दुखणं कळवणारी नसच बधिर असते. तुम्ही दोन तपासण्या करून घ्या: १० ग्रॅम दाब देणाऱ्या नायलॉनच्या तंतूने तळव्याची संवेदना आणि वर सांगितलेला एबीआय. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ सुद्धा पाहा. ते कमी असलं तरी अशीच आग होते आणि त्याचा इलाज सोपा आहे.

प्रश्न : प्रदर्शनात पाय ठेवून बसायचं थरथरणारं मशीन घेतलं. त्यात शेकही मिळतो. शिवाय रोज रात्री गरम पाण्यात पाय बुडवून तेल चोळते. याने रक्त वाढेल ना? (शहापूर, बेळगाव)

उत्तर : नाही. पाटाच्या तोंडाशी दगड अडकला असेल तर वाफ्यात खोरं मारून पाणी वाढत नाही. थरथराटाने त्वचेला घटकाभर ऊब वाटते एवढंच. मांडीतली किंवा गुडघ्याखालची तुंबलेली धमनी त्याने मोकळी होत नाही.

नुकसान मात्र होऊ शकतं. बधिर तळव्याला शेकाचा चटका कळत नाही, आणि रक्त कमी असेल तर भाजलेली कातडी भरून येत नाही. गरम पाण्याची पिशवी, हीटर, शेगडी, शेकोटीला पाय धरून बसणं यांतून झालेल्या जखमा हिवाळ्यात नेहमी दिसतात. ऊब हवी असेल तर लोकरीचे सैल मोजे घाला. पाय धुवायला कोमट पाणी घ्या आणि पाण्यात आधी कोपर बुडवून पाहा. पायाने अंदाज घ्यायचा नाही. भिजत ठेवायचं नाही, कारण भिजलेली कातडी बोटांच्या बेचक्यांत फाटते.

तेल टाकून देऊ नका. खोबरेल असो की व्हॅसलीन, टाचेच्या भेगांसाठी ते चांगलं. हलक्या हाताने लावा, पण बोटांच्या बेचक्यांत नको. जखम, फोड किंवा एकाच पायावर अचानक सूज असेल तर चोळणं पूर्ण बंद. मशीन घरातल्या धडधाकट माणसाला द्या, शेकाचं बटण बंद ठेवून.

प्रश्न : आईच्या पायाच्या अंगठ्यावर पाच आठवड्यांपूर्वी जखम झाली. रोज ड्रेसिंग चालू आहे, सुरुवातीला भंडाराही लावला होता. अंगठ्याचं टोक आता काळं पडलंय. एक डॉक्टर म्हणतात अंगठा काढा, दुसरे म्हणतात आधी नस उघडा. कोणाचं ऐकावं? (चिकोडी)

उत्तर : दोघांचंही बरोबर असू शकतं. निर्णय कशावर करायचा तो आकडा तुमच्या पत्रात नाही. घोट्याचं प्रेशर किती आणि बोटाचं किती, हे दोन्ही डॉक्टरांना विचारा. अंगठ्यावर जखम असेल तर शेजारच्या बोटावर मोजता येतं. घोट्यावर ५० च्या खाली किंवा बोटावर ३० च्या खाली असेल तर धमन्यांचं चित्र तातडीने काढायला हवं. आकडे याहून बरे असले तरी, नीट काळजी घेऊनही जखम चार ते सहा आठवड्यांत भरायला लागत नसेल तर तपासणी करायचीच. तुमचे पाच झाले आहेत, म्हणजे वेळ आलेली आहे.

क्रम असा. पू साठला असेल, दुर्गंधी येत असेल, लाली जखमेच्या कडेपासून दोन सेंटिमीटरच्या पुढे गेली असेल, ताप असेल किंवा शुगर अचानक भडकली असेल, तर पू त्याच दिवशी काढावा लागतो. नस, म्हणजे इथे तुंबलेली धमनी, उघडण्याची वाट पाहत नाहीत. ओलं, सुजलेलं, वास येणारं काळेपण तासांच्या हिशोबाने पसरतं. रक्तच कमी असेल तर लाली आणि गरमपणा दिसतही नाही, म्हणून ‘लाल नाही ना’ यावर निर्धास्त राहू नका.

पू नसेल, अंगठा कोरडा, आकसलेला, कडेची रेघ स्पष्ट असेल तर आधी रक्त, मग चाकू. रक्त न पोचणाऱ्या पावलाचं बोट काढलं तर छोट्या जखमेच्या जागी मोठी जखम होते आणि तीही भरत नाही. मग अर्धं पाऊल, मग गुडघ्याखाली पाय, असं एकेक होत जातं. कोरडा काळा भाग कोरडाच ठेवायचा: पाण्यात भिजवायचा नाही, मलमाने ओला करायचा नाही, कापायचा नाही.

नस उघडायचे मार्ग दोन. अँजिओप्लास्टीत जांघेतून तार घालून बंद जागी फुगा फुगवतात. मधुमेहात अडथळे जास्त करून गुडघ्याखालच्या बारीक धमन्यांत असतात, तिथले फुगे दोन-तीन मिलिमीटरचे. या धमन्या काही महिन्यांत पुन्हा अरुंद होतात हे खरं, आणि ‘मग उपयोग काय’ असं नातेवाईक विचारतात. उपयोग हा, की भरणाऱ्या जखमेला रक्त फार लागतं आणि भरलेल्या कातडीला थोडं पुरतं. मधल्या महिन्यांत जखम बंद झाली तर काम झालं. दुसरा मार्ग बायपास: पायातलीच चांगली शीर काढून अडथळ्याला वळसा घालतात. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या बेस्ट-सीएलआय या मोठ्या अभ्यासात, चांगली शीर उपलब्ध असलेल्या रोग्यांत आधी बायपास केल्याचा निकाल सरस आला. अर्थात आईचं हृदय आणि वय मोठी शस्त्रक्रिया झेपण्यासारखं आहे का, ते पाहावं लागेल. धमन्यांच्या चित्रासाठी रंगद्रव्य टोचतात, त्याआधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) तपासा आणि मेटफॉर्मिन चालू असेल तर आठवणीने सांगा. किडनी बरीच कमजोर असेल तर ते थांबवतात.

हाडात जंतू गेलेत का यासाठी एक्स-रे काढा. पहिल्या दोन आठवड्यांत तो साफ येऊ शकतो, म्हणून जुना एक्स-रे चांगला होता यावर थांबू नका. अंगठ्यावर चपलेचा पट्टा किंवा बुटाचं टोक घासता कामा नये. आई झोपून असेल तर पोटरीखाली उशी ठेवून टाच अधांतरी राहील असं करा. नाहीतर आठवड्याभरात टाचेवर दुसरी जखम होते, आणि टाच भरायला अंगठ्यापेक्षा हट्टी.

भंडाऱ्याचं सांगायचं तर देवाचा भंडारा कपाळी लावा, जखमेत नको. हळदीचा थर वाळून खपली धरतो, खालचा पू दिसत नाही आणि ड्रेसिंग करणाऱ्याला जखमेची खोली कळत नाही. जखम धुवायला मेडिकलमध्ये मिळणारी नॉर्मल सलाइनची बाटली वापरा. स्पिरिट, डेटॉल, हायड्रोजन पेरॉक्साइड यांनी जंतूंबरोबर नवी पेशीही मरते.

खर्चासाठी बीपीएल कार्ड असेल तर आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटकखाली कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. त्यासाठी बहुधा सरकारी दवाखान्याची शिफारस लागते, बेळगावात ती बिम्स या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या जिल्हा रुग्णालयातून घेता येते. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं आहे. तुमच्या गावाला आणि तुम्ही निवडलेल्या रुग्णालयात ती मिळते का, हे भरती होण्याआधी तिथल्या योजनेच्या खिडकीवर विचारा. भरती झाल्यावर विचारलं की घोटाळा होतो.

प्रश्न : एका डॉक्टरांनी ॲस्पिरिन दिली, दुसऱ्यांनी सिलोस्टॅझॉल, तिसऱ्यांनी कोलेस्टेरॉलची गोळी. माझं कोलेस्टेरॉल तर नॉर्मल आहे. सगळ्या घ्यायच्या का? (संकेश्वर)

उत्तर : तिघांची कामं वेगळी आहेत. पायाच्या धमनीत अडथळा असणं म्हणजे हृदयाच्या आणि मेंदूच्या धमन्यांतही तो असण्याची शक्यता मोठी. ॲस्पिरिन ७५ किंवा क्लोपिडोग्रेल ७५ यांतली एक गोळी गुठळी होऊ नये म्हणून, बऱ्याचदा कायमची. कोलेस्टेरॉलची गोळी म्हणजे स्टॅटिन; ती रिपोर्ट बघून नव्हे, आजार बघून देतात. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ७० च्या खाली, जमल्यास ५५ च्या खाली आणायचं असतं. ‘नॉर्मल आलं म्हणून बंद केली’ हे वाक्य डॉक्टरांना फार वेळा ऐकावं लागतं. गोळीमुळेच नॉर्मल आलेलं असतं.

सिलोस्टॅझॉल चालण्याचं अंतर वाढवते. नेहमीचा डोस १०० मिलिग्रॅम दोनदा. काही डॉक्टर ५० पासून चढवतात. जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी घ्यायची. डोकं दुखणं, धडधड, जुलाब होऊ शकतात. हृदय कमजोर असेल, म्हणजे हार्ट फेल्युअर असेल, तर ती घ्यायचीच नाही. मेडिकलवाल्याकडून परस्पर आणू नका. ओमेप्राझोल चालू असेल तर सांगा, डोस कमी करावा लागतो. तीन महिन्यांत अंतर वाढलं नाही तर बंद करतात. जखम भरून आणायची ती गोळी नव्हे.

दात काढायच्या आधी ॲस्पिरिन आपल्या मनाने थांबवू नका. साधा दात ती चालू असतानाच काढता येतो. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी दाखवा.

प्रश्न : मोबाइलवर व्यायाम आला आहे: पाय भिंतीला लावून वर करायचे, मग खाली सोडायचे. करू का? आणि घट्ट मोजे घालावेत का? (रायबाग)

उत्तर : हा जुना व्यायाम आहे. पाय ४५ अंशांवर दोन मिनिटं वर, मग काठावर बसून दोन-तीन मिनिटं खाली सोडून पावलं वर-खाली, डावी-उजवी फिरवायची, मग पाच मिनिटं आडवं पडायचं. असं तीन-चार वेळा. सौम्य अडथळ्यात करायला हरकत नाही, मात्र फायद्याचा पुरावा चालण्याच्या मानाने तोकडा. तळव्याला जखम असल्यामुळे चालता येत नसेल त्यांना बसून घोटे हलवणं, हातांचे व्यायाम हे पर्याय आहेत. झोपल्यावर पाय दुखतो किंवा वर केल्यावर पांढरा पडतो अशांनी पाय उंच करायचाच नाही. आधीच कमी असलेलं रक्त चढावर आणखी कमी पोचतं.

घट्ट मोजे फुगलेल्या निळ्या शिरांसाठी असतात. धमनी तुंबलेल्या पायावर ते चढवले तर बोटं काळी पडू शकतात. एबीआय झाल्याशिवाय घालू नका. साध्या मोज्यांचं इलास्टिकही पोटरीवर वळ उठवणारं नको.

प्रश्न : रोप लावणीत दिवसभर चिखलात उभं राहावं लागतं. बोटांच्या बेचक्यांत दरवर्षी चिखल्या होतात. शुगर आहे, तळवे बधिर. काय लावावं? (जांबोटी)

उत्तर : चिखल्या साध्या वाटतात, पण जंतू आत शिरायचा तो दरवाजा आहे. संध्याकाळी पाय धुऊन सुती कापडाने प्रत्येक बेचकं वेगळं टिपा. टर्बिनाफिन १ टक्का मलम दिवसातून एकदा, एक ते दोन आठवडे. किंवा क्लोट्रिमॅझॉल १ टक्का दोनदा, बरं दिसल्यावरही दोन आठवडे. खाज थांबली की लोक सोडतात, म्हणून ते दरवर्षी परततं. मेडिकलमध्ये मिळणारी स्टिरॉइड मिसळलेली मलमं टाळा. खाज पटकन थांबते आणि बुरशी आत वाढत राहते.

तळवे बधिर असताना चिखलात अनवाणी उतरू नये. खडा, काटा, काच लागलेलं कळणार नाही. गमबूट चिखलात रुततात आणि आत घाम साचतो हे मान्य, तरी दोन सुती मोज्यांच्या जोड्या ठेवा, दुपारी बूट काढून पाय कोरडे करून जोडी बदला आणि घालण्याआधी बूट उलटा करून आत हात फिरवा. नाडीही लागत नसेल तर यंदा बांधावरचं काम घ्या आणि लावणीला माणूस लावा. कणकुंबीच्या बाजूला जळवा लागतात. ॲस्पिरिन चालू असेल तर चावलेली जागा बराच वेळ वाहते. स्वच्छ कापडाने दहा-पंधरा मिनिटं न सोडता दाबून धरा. तंबाखू किंवा चुना भरू नका.

आणखी एक, जे कोणी विचारत नाही. घरात भाताची पोती असली की उंदीर असतात, आणि बधिर बोट उंदराने रात्री कुरतडलं तरी जाग येत नाही. सकाळी अंथरुणात रक्त दिसतं. खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली खोचा, पाय धुऊन मोजे घाला.

प्रश्न : आयुष्यभर अथणीची कोल्हापुरी वापरली. डॉक्टर सोडा म्हणतात. खरंच सोडायला हवी का? (वडगाव, बेळगाव)

उत्तर : संवेदना शाबूत आणि नाडी व्यवस्थित असेल तर लग्नकार्यात दोन तास घाला. बधिर पायाला मात्र ती नको. कारागिरी उत्तम आहे, २०१९ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनात बेळगाव जिल्हाही आहे. पण कडक तळ पावलाचा दाब पसरवत नाही, अंगठ्याचा पट्टा बेचक्यात घासतो आणि मागे पट्टा नसल्याने चप्पल पायातून न निसटावी म्हणून बोटं सतत आवळलेली राहतात. तिथेच घट्टे आणि कुरपं होतात, घट्ट्याखाली रक्त साकळतं आणि जखम आतून सुरू होते. कुरूप ब्लेडने कापू नका, कॉर्न कॅपही लावू नका. त्यातलं आम्ल चांगली कातडीही खातं.

घ्यायची ती एमसीआरची (बारीक छिद्रांच्या मऊ रबराची), मागे पट्टा आणि वेल्क्रो असलेली, कुठेही खिळा नसलेली. आतला मऊ थर चिमटीत दाबल्यावर साधारण अर्धा दबावा आणि सोडल्यावर उसळून यावा. बाहेरचा तळ टणकच हवा, नाहीतर काटा आरपार येतो. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना माप द्या. सर्वांत लांब बोटाच्या पुढे एक ते दोन सेंटिमीटर जागा राहावी. कागदावर उभं राहून पावलाची रेघ काढा, कापा आणि दुकानात तो कागद चपलेत घालून बघा. बधिर पायाच्या ‘बसते हो’ वर विश्वास नको. पहिल्या दिवशी अर्धा-एक तासच घाला. काढल्यावर लाल डाग वीस मिनिटांत गेला नाही तर ती चप्पल तुमची नव्हे. सहा महिने ते वर्षात आतला थर चेपतो, तो बदलून घ्या.

प्रश्न : सौंदत्तीला अनवाणी जायचा नवस आहे. भरत पुनवेला जाणार. शुगर २० वर्षं, दोन वर्षांपूर्वी टाचेची जखम भरायला पाच महिने लागले. (येळ्ळूर)

उत्तर : तुमच्या पायाने अनवाणी डोंगर चढणं म्हणजे ती जखम पुन्हा मागून घेणं. एकदा जखम झालेला पाय कायम धोक्याच्या गटात राहतो. नवस गाडीने जाऊन, पादत्राणांसह फेडता येईल का, हे घरच्या वडीलधाऱ्यांना किंवा पुजाऱ्यांना विचारा. बहुतेक ठिकाणी वाट निघते.

जाणारच असाल तर जाण्याआधी दोन्ही पावलांची तपासणी आणि एबीआय करून घ्या. पाय धुवायचे झाले तर जोगुळभावीच्या गर्दीत उतरण्यापेक्षा बाटलीतलं पाणी घ्या आणि लगेच टिपा. चपला जिथपर्यंत चालतात तिथपर्यंत पायातच ठेवा. पुढे रांगेत पांढरे जाड सुती मोजे घाला. पांढरे अशासाठी, की रक्ताचा डाग लगेच दिसतो. दर्शन पहाटे घ्या, दुपारी फरशी तापते. पिशवीत मोज्यांची दुसरी जोडी, आरसा, सलाइनची छोटी बाटली, गॉज आणि कागदी चिकटपट्टी ठेवा. गाडीत बसल्यावर आणि घरी पोचल्यावर दुसऱ्या कोणाकडून तरी तळवे बघून घ्या. फोड दिसला तर फोडू नका, गॉजने झाका, त्या पायावर भार टाकू नका आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच दवाखाना गाठा.